जोग्जातल्या चोरीचा अस्सल आकडा

पाक प्रायित्नोंना, म्हणजे तुमच्या भाषेत प्रायित्नोरावांना, मोजायचं वेड होतं. आमच्या जोग्जा शहरात कुणाला पिंजऱ्यात कवडे पाळायचा नाद असतो, कुणाला जुन्या सायकली जमवायचा, यांना मोजणीचा. शुक्रवारचा नमाज आटोपून मशिदीतून बाहेर पडणाऱ्यांपैकी किती जण दुसऱ्याच्याच चपला घालून घरी जातात, हे त्यांनी एकदा पावसाळाभर पायरीवर बसून पाहिलं होतं. आमच्या गल्लीत चपला बदलतात, पण चोरीला जात नाहीत, असा निष्कर्ष काढून त्यांनी तो कॉलेजच्या नियतकालिकाकडे पाठवला. तो साभार परत आला. तेव्हापासून ते स्वतःच्या चपलांच्या आतल्या अंगाला शाईनं नाव लिहू लागले, पदव्यांसकट.

पदव्यांसकट हे महत्त्वाचं. 'द्रस. प्रायित्नो, एम. एस्सी.' असं पुरतं, आमच्याकडची 'द्रस.' ही पदवी पुढे आणि परदेशची मागे, लिहिल्याशिवाय त्यांना ते नाव आपलं वाटतच नसे. फाटकावरची पितळी पाटी, छत्री, जेवणाचा डबा, मोटरसायकलची सीट, सगळीकडे हेच. त्यांची बायको, बू एंदाह, म्हणजे एंदाहबाई, पाहुण्यांना सांगायची, "माझं कपाळ तेवढं राहिलंय. बहुतेक शाई संपली असावी."

तर अशा माणसाकडे एक दिवस जाकार्ताहून पाक हेंदार्तो आले. हे गृहस्थ सॉफ्टवेअरची चोरी थांबवण्यासाठी निघालेल्या एका समितीचे सचिव. टाय बांधलेला, चेहरा कायम नुकताच पुसल्यासारखा. पाक प्रायित्नो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"आपल्या देशाचा आकडा फार वाईट आहे, पाक," हेंदार्तो म्हणाले. "परदेशात तोंड दाखवायला जागा नाही. जवळजवळ सगळी सॉफ्टवेअरं चोरीची."

"कसा काढलात आकडा?" प्रायित्नोंनी विचारलं. लाज वाटायच्या आधी त्यांना कुतूहल वाटलं. त्यांचं नेहमी असंच व्हायचं.

"सोपं आहे. वर्षात कॉम्प्युटर किती विकले गेले, ते घ्यायचं. एका कॉम्प्युटरला किती प्रोग्राम लागतात, ते धरायचं. त्यातून विकत गेलेले प्रोग्राम वजा करायचे. उरले ते चोरीचे."

"म्हणजे गल्लीत डोकी किती, त्यातून विकलेल्या टोप्या वजा केल्या की उरलेले सगळे टोपीचोर?"

हेंदार्तो मोठ्यानं हसले. जाकार्ताची माणसं अशीच हसतात. मग म्हणाले, "तर मग तुम्ही खरा आकडा काढा. एकाच शहराचा, पण खरा. आणि तो खाली कसा आणायचा तेही सांगा. हॉटेलात परिषद भरवतोय, मंत्रालयातले लोक येणार आहेत. आणि पाक, अहवालावर नाव तुमचं असेल."

"पदव्यांसकट?"

"अर्थात."

झालं. मासा गळाला लागला.

पाहणीसाठी परवानगी लागते. ती आधी गल्लीप्रमुख देतो, मग त्याच्यावरचा, मग वॉर्ड कचेरी, मग तिच्यावरची कचेरी, आणि प्रत्येक जण आधीच्याचा शिक्का पाहून आपला शिक्का मारतो. आमचे गल्लीप्रमुख पाक मुगियोनो टपालखात्यातून निवृत्त झालेले. शिक्का हातात आला की त्यांचं वय दहा वर्षांनी उतरायचं. त्यांनी एकाच कागदावर चार ठिकाणी मारला. "असू द्या," म्हणाले, "पुसट झाला तर?"

वॉर्ड कचेरीतल्या कारकुनानं पत्र कॉम्प्युटरवर टाइप केलं. दर दोन ओळींनी पडद्यावर एक चौकट उगवायची, 'या प्रोग्रामची मुदत संपली आहे, कृपया विकत घ्यावा', आणि कारकून माशी हाकलावी तशी ती हाकलायचा. प्रायित्नोंचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. पण परवानगी अजून छापून व्हायची होती, आणि परवानगीशिवाय मोजणं बेकायदा. म्हणून सरळमार्गी माणसानं करायचं ते त्यांनी केलं. खिडकीबाहेर बघत बसले.

पत्रात शेवटी एक अट होती. पाहणीच्या वेळी गल्लीप्रमुखानं सोबत असावं.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भाषेत 'नाही' हा शब्द आहे, पण तो भल्या माणसानं दुसऱ्याच्या तोंडावर मारायचा नसतो. लग्न झालंय का? अजून नाही. ऐंशीच्या म्हाताऱ्यालाही विचारा, अजून नाही. विमानात बसलाय का? अजून नाही. समोरच्याची भीड मोडायची नाही, दार किलकिलं ठेवायचं. पाक प्रायित्नो याच मातीतले. पण फॉर्म छापताना ते विसरले आणि त्यावर दोनच चौकटी ठेवल्या, 'अस्सल' आणि 'नकली'.

पहिलंच घर बू सुमिराहचं. ही बाई प्रायित्नोंच्या घरापलीकडे राहायची. पुढच्या खोलीत तिनं आठ कॉम्प्युटर मांडले होते आणि ते विद्यार्थ्यांना तासावर भाड्यानं द्यायची. जोग्जातले अर्धे प्रबंध तिच्या पंख्याखाली लिहिले गेले असतील. तिनं आधी चहा आणला, गोड, इतका की चमचा उभा राहावा. मग शेंगदाण्याचे कुरकुरीत पेयेक.

"बू, तुमच्या कॉम्प्युटरमधले प्रोग्राम अस्सल आहेत का?"

बू सुमिराहनं प्रायित्नोंकडे पाहिलं, मग मागे शिक्क्याची पिशवी छातीशी धरून उभ्या असलेल्या मुगियोनोंकडे पाहिलं.

"अजून नाही, पाक."

"म्हणजे नकली?"

"अहो, असं कसं म्हणायचं? अजून नाहीत, एवढंच."

"पण मला दोनातली एक चौकट भरायचीय, बू."

तिनं फॉर्मवर नजर टाकली. प्रायित्नोंच्या कपाळावर घाम आला होता आणि पेन दोन चौकटींच्या मधे अडकलं होतं. सज्जन शेजाऱ्याची ही अवस्था तिला बघवेना.

"बरं, लिहा अस्सल. तुमचं काम होऊ दे. पेयेक घ्या ना अजून."

घरोघरी हेच. चहा, खाणं, अजून नाही, आणि शेवटी दयेपोटी 'अस्सल'. पाहणी संपेतो प्रायित्नोंच्या पँटचं बटण लागेनासं झालं होतं, आणि आकडा असा आला होता की जगातलं सर्वांत प्रामाणिक शहर जोग्जा ठरत होतं.

हेंदार्तोंनी फोनवर आकडा ऐकला आणि पुन्हा ते मोठं हसू हसले. "पाक, तुम्ही मोजायला सिंगापूरला गेला होतात का?"

प्रायित्नोंना हे फार लागलं. रात्री जेवले नाहीत. बू एंदाहनं हे दुसऱ्या दिवशी बायकांच्या बैठकीत सांगितलं, म्हणजे दुपारपर्यंत ते गल्लीला कळलं आणि संध्याकाळपर्यंत मशिदीच्या चौकीदारालाही. आपल्या माणसाचा जाकार्तावाल्यानं अपमान केला! महिन्याच्या गल्लीसभेत चटईवर सगळे बसलेले असताना मुगियोनोंनी घसा खाकरला.

"आपले पाक प्रायित्नो अडचणीत आहेत. आपण सर्वांनी हातभार लावायला हवा. पाक, मोकळेपणानं सांगा, किती चोर हवेत?"

"अहो, हवेत असं नाही! असतील तितकेच!"

"ते झालंच. पण वरून किती मागितलेत?" मुगियोनोंचं अर्धं आयुष्य वरून आलेले आकडे खालून भरून देण्यात गेलं होतं. झाडं लावायची मोहीम असो की डास मारायची, आमच्या गल्लीनं आकडा कधी कमी पडू दिला नव्हता.

"तसं त्यांच्या मते जवळजवळ सगळेच..." प्रायित्नोंच्या तोंडून निसटलं.

"बस. व्यवस्था होईल."

दुसऱ्या फेरीत बू सुमिराहनं दारातच हात जोडले. "माझं सगळं चोरीचं लिहा, पाक. पंखेसुद्धा." कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, त्याचे तर दोन कॉम्प्युटर चोरीचे आहेत. त्याच्याकडे एकही नव्हता. फणसाची भाजी विकणारी म्हातारी लांबून हाका मारत आली, तिला उशीर झाला का म्हणून. नकली, नकली, तिचंही नकली, आणि वर पानात बांधून भाजी दिली. प्रायित्नो मधल्या चौकात उभे राहून आभाळाकडे बघू लागले. एवढ्या मायेनं आजवर कुठल्याही संख्याशास्त्रज्ञाची वाट लागली नसेल.

"अहो, टाका ना समितीचाच आकडा," बू एंदाह म्हणाली. "त्यांनाही बरं, तुम्हालाही."

"आणि खाली नाव माझं?"

"मग काय करणार?"

"विचारणार नाही. बघणार." त्यांचे डोळे चमकले. "चपलांच्या वेळी मी कुठं कुणाला विचारलं होतं?"

दुसऱ्या सकाळी ते बू सुमिराहच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जाऊन बसले, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर, वहीबिही काही न घेता. शेजारी एक मुलगी प्रबंधाची आकडेमोड करायला बसली होती. तिनं संख्याशास्त्राचा प्रोग्राम उघडला. हा प्रोग्राम प्रायित्नोंच्या ओळखीचा, नव्हे जिवाभावाचा. तरुणपणी शिष्यवृत्तीवर हॉलंडात असताना त्यांनी तो विकत घेतला होता. एका हिवाळ्यात ओव्हरकोट की प्रोग्राम असा प्रश्न पडला, आणि ते हिवाळाभर कुडकुडले. आयुष्यात स्वतःच्या हौशीसाठी घेतलेली महाग वस्तू तेवढीच. त्या तबकडीवर त्यांनी न पुसल्या जाणाऱ्या निळ्या शाईनं आपलं नाव घोटून लिहिलं होतं.

मुलीच्या पडद्यावर निळी चौकट आली. 'या प्रतीचे नोंदणीकृत मालक: द्रस. प्रायित्नो, एम. एस्सी.'

प्रायित्नोंनी चष्मा पुसला. चौकट गेली आणि आकड्यांचे रकाने आले. त्यांनी आपल्या पुढ्यातला प्रोग्राम उघडला. द्रस. प्रायित्नो, एम. एस्सी. उठून पलीकडचा उघडला. तिथंही तेच, टिंबांसकट.

"बू सुमिराह!" त्यांचा आवाज चिरकला. "हे काय आहे?"

"काय झालं? तुमचाच तर आहे."

"माझा आहे म्हणूनच विचारतोय!"

"तुम्हीच नाही का दिलात? मी दुकान उघडलं तेव्हा तबकडी मागायला आले होते. तुम्ही म्हणालात, न्या ना, त्यात काय." बू सुमिराह हातातला फडका खांद्यावर टाकून जवळ आली. "तो टाकताना नाव आणि नंबर विचारतो. दोन्ही जुळलं तरच उघडतो. म्हणून वेष्टनावर होतं तसंच टाकलं. आमच्याकडून पोरांनी नेला, तेही तसंच टाकतात. 'द्रस.'पुढचं टिंब विसरलं तर उघडतच नाही मेला."

शेजारची मुलगी उठून उभी राहिली. "तुम्ही? तुम्हीच ते पाक प्रायित्नो?" तिनं वाकून त्यांचा हात कपाळाला लावला. "आम्हाला वाटायचं तुम्ही वारला असाल. एवढा मोठा प्रोग्राम लिहिणारा माणूस!"

"मी लिहिलेला नाही, बाळ."

"किती नम्र आहात, पाक!"

बू सुमिराह हळूच म्हणाली, "मलाही तसंच वाटायचं. ईदला तुमच्याकडे जास्तीचं गोडधोड उगाच का पाठवते मी?"

पाक प्रायित्नो तडक घरी आले. कपाटातून प्रोग्रामचा खोका काढला, तबकडी बाहेर काढली आणि खुर्चीतच बसले. तबकडीवर निळी शाई नव्हती. बॉलपेननं, कुण्या परक्याच्या गिचमिड अक्षरात, त्यांचं नाव लिहिलेलं होतं. उसनी गेलेली तबकडी परत आली होती खरी, पण ती ही नव्हे. तीही एक कॉपीच.

"चपला बदलल्या," ते पुटपुटले.

बू एंदाहनं हातातलं काम टाकलं. "तरी मी तेव्हा म्हटलं होतं, देऊ नका म्हणून!"

"शेजारीण दारात उभी होती. काय म्हणणार होतो?"

"नाही म्हणायचं!"

"तू तरी कधी म्हणालीयस?"

बू एंदाहनं टाकलेलं काम पुन्हा हाती घेतलं, कारण नेमकी तेव्हाच तिची नवी किसणी मुगियोनोंच्या घरी उसनी गेलेली होती.

पाक प्रायित्नोंना वाईट वाटलं. मनापासून वाटलं. एक अख्खा हिवाळा कुणीतरी उचलून नेला होता. पण चहा पिता पिता त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली आणि कप ओठांशीच थांबला. विचारल्यावर जोग्जातला माणूस भिडेपोटी काहीही सांगेल. पण पडद्याला कुणाची भीड नसते. प्रोग्राम उघडला की तो मालकाचं नाव सांगतो. प्रायित्नोंच्या नावाचा एक प्रोग्राम अस्सल, बाकी सगळे नकली. कुणालाही न दुखवता, एकही पेयेक न खाता मोजता येईल! दुनियेत कुठल्या पाहणीवाल्याला असं साधन मिळालं असेल? आणि मोजता मोजता आपली निळ्या शाईची तबकडीही सापडेल.

मग काय, मोटरसायकल निघाली. ते कॉलेजांत गेले, कचेऱ्यांत गेले, तासावर कॉम्प्युटर देणाऱ्या यच्चयावत दुकानांत गेले. "आकडेमोडीचा प्रोग्राम जरा उघडता का?" एवढंच म्हणायचे, आणि जिथं तिथं पडद्यावर स्वतःला भेटायचे. एका दवाखान्यात रोगी त्यांच्या नावानं मोजले जात होते. एका सरकारी कचेरीत शहराचे तांदूळ. एका ठाण्यात तर शहरातल्या चोऱ्यांचा तक्ता त्यांच्या नावावर चालला होता. तिथून ते जरा घाईनं बाहेर पडले.

सुरुवातीला निळी चौकट दिसली की ते ती घाईनं बंद करायला लावायचे. दुसऱ्या आठवड्यापासून एखाद्या कचेरीत ती दिसली नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. एका ठिकाणी कुणीतरी 'एम. एस्सी.' गाळून प्रोग्राम चालवला होता. कसा चालवला देव जाणे, पण प्रायित्नोंनी तिथं अर्धा तास हुज्जत घातली.

तबकडी मात्र मिळेना. जो तो म्हणायचा, आमच्याकडची अमक्याकडून आली, तो म्हणायचा तमक्याकडून, आणि शेवटी माग जायचा बू सुमिराहच्या दारात, तिथून प्रायित्नोंच्या. आकडा तेवढा तयार झाला, आणि फार विचित्र झाला. अख्ख्या जोग्जातल्या प्रती एकाच नावाच्या. त्यांतली एक खरी असायला हवी होती, आणि ती कुणाकडेच नव्हती. 'अस्सल'च्या रकान्यात एक लिहावं की शून्य?

"अहवालात खरं सगळं लिहिणार?" बू एंदाहनं विचारलं. ती त्यांच्या कोटाला इस्त्री करत होती. "तुमच्या नावासकट?"

"आकडा खरा लिहिणार."

"आणि नाव?"

प्रायित्नो उगाच टाय सरळ करत राहिले. शेवटी अहवालात त्यांनी 'एक विशिष्ट नाव' असे शब्द घातले. जन्मात पहिल्यांदा त्यांना आपलं नाव लिहायचं नव्हतं. पुढच्या पानावर मात्र ते होतंच. अहवालाचा लेखक म्हणून, ठळक अक्षरात.

जाकार्ताच्या त्या हॉटेलात थंडी हॉलंडइतकी होती. खुर्च्यांना कपडे घातले होते. मंत्रालयातले थोरले साहेब पहिल्या रांगेत बसले होते. प्रायित्नोंनी पारदर्शक कागदांवर तक्ते काढून नेले होते, पण भिंतीवर चित्र टाकायच्या यंत्राचा दिवा उडाला. हेंदार्तोंनी लगेच समितीचा कॉम्प्युटर आणि त्याला जोडायचं तसलंच दुसरं यंत्र मागवलं. प्रायित्नोंनी आपल्या आकड्यांची चकती त्यांच्या माणसाच्या हाती दिली आणि बोलायला उभे राहिले.

ते छान बोलले. भिडेचं सांगितलं, 'अजून नाही'चं सांगितलं. पंखेसुद्धा चोरीचे लिहा म्हणणाऱ्या शेजारणीचं सांगितलं तेव्हा लोक मनापासून हसले. "आणि असं दिसलं," ते म्हणाले, "की या शहरातल्या सगळ्या प्रती एका मूळ प्रतीच्या आहेत. सगळ्यांवर एक विशिष्ट नाव आहे."

थोरले साहेब पुढे झुकले. "एकच माणूस? अख्खं शहर त्यानं बिघडवलं? कोण हा?"

त्याच क्षणी समितीच्या माणसानं आकड्यांचा प्रोग्राम उघडला. यंत्र मंद होतं. निळी चौकट भिंतीवर आली आणि तिथंच बसून राहिली. एकेक अक्षर हातभर उंच. 'या प्रतीचे नोंदणीकृत मालक: द्रस. प्रायित्नो, एम. एस्सी.'

भिंत सगळ्यांना दिसत होती, म्हणून सगळे दुसरीकडे बघू लागले. कुणी बूट न्याहाळू लागलं, कुणी फुलदाणी. थोरल्या साहेबांनी मान वळवून शेजाऱ्याला विचारलं, "ही कॉफी तोराजाच्या डोंगरातली का हो?" शेजारी म्हणाला, असावी. परक्या माणसाची चारचौघांत अब्रू जाईल असं कुणी काही बोलेना. या सभ्यपणानं प्रायित्नोंना धरणी ठाव देईना. कुणी चोर म्हणालं असतं तर निदान उत्तर तरी देता आलं असतं.

त्यांनी खोल श्वास घेतला. "तो माणूस मी आहे."

"पाक प्रायित्नोंचे विनोद जोग्जात प्रसिद्ध आहेत," हेंदार्तो चटकन म्हणाले. आयुष्यात प्रायित्नोंनी एकही विनोद केलेला नव्हता. लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या.

"मी खरंच सांगतोय. तबकडी माझी होती. शेजारणीनं मागितली, मी दिली. आकडा खाली आणायचा उपाय विचारलात ना? किंमत थोडी कमी करा, आणि आम्हाला 'नाही' म्हणायला शिकवा. मला अजून जमलेलं नाही."

टाळ्या आणखी वाढल्या. पण हेंदार्तोंच्या मनात दुसरीच काळजी होती. भिंतीवर नाव अजून तसंच होतं, आणि कॉम्प्युटर समितीचा होता. ते ध्वनिवर्धकाजवळ आले.

"एक खुलासा. आमच्या कार्यालयात नकली काही चालत नाही. हा प्रोग्रामही अस्सल आहे. माझा भाचा जोग्जाला शिकत होता, त्याला मी बजावलं होतं, आणशील तर अस्सलच आण." आणि त्यांनी खोक्यातून तबकडी काढून सगळ्यांसमोर उंच धरली. "पाहा! कंपनीचं चिन्ह, सगळं काही. लेखकाची सहीसुद्धा आहे!"

निळी शाई. घोटून लिहिलेली अक्षरं, टिंबांसकट. 'प्र'ला खाली जरा ओघळ आला होता. त्या हिवाळ्यात बोटं गारठली होती तेव्हाचा. प्रायित्नोंना तो ओघळ लांबूनही ओळखू आला. किती वर्षांनी भेटत होती!

"काय पाक, खात्री पटली ना? अस्सलच आहे ना?" हेंदार्तोंनी तबकडी त्यांच्या नाकासमोर नेली. चेहरा कसा आनंदानं फुललेला. अख्खं दालन बघत होतं.

प्रायित्नोंनी तबकडी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. अंगठ्यानं आपल्या नावावरची धूळ पुसली. मग ती दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणे, हेंदार्तोंना परत दिली.

"अस्सल आहे," ते म्हणाले, आणि अहवालातल्या मोकळ्या राहिलेल्या रकान्यात त्यांनी पेननं 'एक' लिहिलं. आकडा पुरा झाला होता. तो खरा होता, आणि खाली नाव त्यांचं होतं.

वर्तमानपत्रात बातमी आली की जोग्जाच्या कसोशीच्या पाहणीत एकटी समितीच प्रामाणिक ठरली. कात्रण मुगियोनोंनी शिक्का मारून गल्लीच्या फलकावर लावलं.

प्रायित्नो घरी पोचले तेव्हा बू एंदाह दारातच उभी होती. त्यांनी बूटही न काढता सगळं सांगितलं. तबकडीचं, ओघळाचं, दोन्ही हातांनी परत दिल्याचं. ती ऐकत राहिली. तिनंही त्या हिवाळ्यातली पत्रं वाचली होती, थंडीनं वाकडं झालेलं अक्षर पाहिलं होतं.

"अहो, पण ती आपली आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मागितलीत का त्यांच्याकडं?"

पाक प्रायित्नोंनी बूट काढून भिंतीशी नीट जोडीनं ठेवले.

"अजून नाही," ते म्हणाले.